लॅटिनची सुरुवात आणि रोमन घर: मराठी माणसाचे नेहमीचे प्रश्न

लॅटिन शिकायला घेतलेली मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. व्याकरण आणि रोमन घर वेगळं काढलेलं नाही. पहिल्या दहा धड्यांतले शब्द घरातलेच असतात: दिवा, अंगण, स्वयंपाकघर, दासी, कुत्रा. घर डोळ्यांसमोर नसेल तर शब्द नुसते पाठ होतात आणि महिन्याभरात विसरतात.

लॅटिन शब्द देवनागरीत देताना एक सोय केली आहे. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व 'अ' आपण मराठीत गिळून टाकतो, म्हणून तो इथे 'आ' असा लिहिला आहे. खरोखर दीर्घ असेल तिथे पुढे अवग्रह (ऽ) दिला आहे.

माझं इंग्रजी बेताचं आहे. लॅटिन जमेल का?

जमेल. उलट मी तर म्हणेन की लॅटिन वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत आणू नका, थेट मराठीत उतरवा. बाजारातली बहुतेक पुस्तकं इंग्रजी मुलांसाठी लिहिलेली असतात आणि विभक्ती म्हणजे काय हे सांगण्यातच त्यांची पानं खर्ची पडतात. तुम्ही शाळेत 'स, ला, ते. स, ला, ना, ते' घोकलेलं आहे. नामाला शेपूट लागतं आणि त्यावरून त्याचं वाक्यातलं काम कळतं, हे तुम्हाला कुणी नव्याने शिकवायला नको. लॅटिनमध्ये लिंगं तीन, आपल्याकडेही तीन. क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी, आपलंही तसंच. इंग्रजीतल्या 'द' आणि 'अ'सारखी नामाआधीची उपपदं दोन्हीकडे नाहीत.

एक वाक्य बघा: 'मिहि दुओ फीलिई सुन्त्'. शब्दाला शब्द ठेवला तर 'मला दोन मुलगे आहेत'. इंग्रजी विद्यार्थ्याला यासाठी 'चतुर्थीने दाखवलेली मालकी' असा वेगळा नियम शिकावा लागतो, कारण त्याच्या भाषेत माणूस मुलगे 'बाळगतो'. आपण रोज असंच बोलतो.

लॅटिनच्या विभक्त्या किती? आपल्या आठांशी जुळतात का?

सहा, आणि सातवीचे थोडे अवशेष. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन जवळजवळ आपल्यासारख्याच. गोंधळ होतो तो अब्लेटिव्हपाशी. तिला पुस्तकात एकच नाव असलं तरी तिच्या पोटात आपल्या तीन विभक्त्या आहेत: तृतीया, पंचमी आणि सप्तमी. फार जुन्या काळी त्या वेगळ्या होत्या, पुढे लॅटिनमध्ये एकत्र मिसळल्या. म्हणून 'अक्वाऽ' म्हणजे पाण्याने, 'ए कुलीनाऽ' म्हणजे स्वयंपाकघरातून आणि 'इन् कुलीनाऽ' म्हणजे स्वयंपाकघरात. अब्लेटिव्ह दिसली की स्वतःला विचारा: ने, हून की त? तिघांपैकी एक बसतंच.

'इन् कुलीनम्' अशी द्वितीया आली तर मात्र अर्थ बदलतो: बाहेरून आत जाणं. आपण 'ती स्वयंपाकघरात आहे' आणि 'ती स्वयंपाकघरात गेली' दोन्हीकडे 'त' लावतो, त्यामुळे इथे मराठी मदतीला येत नाही. हे लक्षात ठेवूनच शिकावं लागतं.

सातवीचा अवशेष माझा फार लाडका आहे. 'दोमुस्' म्हणजे घर, 'दोमी' म्हणजे घरी. मराठीतही 'घरात' हे नेहमीचं आणि 'घरी' हे जुन्या सप्तमीचं उरलेलं रूप. दोन्ही भाषांनी जुनी सप्तमी जपून ठेवली ती घराच्या शब्दात. गावांच्या नावांतही ती टिकली आहे: 'रोमाय' म्हणजे रोमला, रोममध्ये.

शब्दांचा क्रम बदलला तर अर्थ बदलतो का?

नाही. 'सेर्वुस् दोमिनुम् वोकत्' म्हणजे गुलाम मालकाला हाक मारतो. 'दोमिनुम् सेर्वुस् वोकत्' म्हणजेही तेच, फक्त जोर मालकावर: मालकाला गुलाम हाक मारतो. शेपटं अदलाबदल करून 'सेर्वुम् दोमिनुस् वोकत्' म्हटलं की हाक मारणारा मालक होतो.

निर्जीव वस्तूंपाशी सावध राहा. 'दासी दिवा नेते' या वाक्यात 'दिवा'ला आपण काही लावत नाही, 'दिव्याला नेते' म्हणत नाही. लॅटिनला ही मुभा नाही: 'अंकिल्ला लुकेर्नम् पोर्तत्'. दिवा (लुकेर्ना) असो की माणूस, कर्म झालं की द्वितीया लागणारच. अपवाद नपुंसकलिंगी शब्दांचा, त्यांची प्रथमा-द्वितीया सारखीच दिसते.

भूतकाळात माझं नेहमी चुकतं. काय होत असेल?

बहुधा 'ने' आडवा येतोय. मराठी विद्यार्थ्यांची ही खास चूक आहे आणि इंग्रजी पुस्तकांत तिचा उल्लेखही सापडणार नाही. आपण वर्तमानात 'दासी दिवा नेते' म्हणतो, पण भूतकाळात 'दासीने दिवा नेला'. कर्त्याला तृतीया लागते आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं: दिवा नेला, दिवे नेले, पणती नेली. मग डोकं आपोआप 'दासीने'साठी अब्लेटिव्ह शोधू लागतं.

लॅटिनमध्ये तसं काही घडत नाही. 'अंकिल्ला लुकेर्नम् पोर्तावित्': कर्ता प्रथमेतच, क्रियापद कर्त्याच्याच मागे. दिवे दहा असले तरी 'पोर्तावित्'च. दासी अनेक असल्या तरच 'पोर्तावेरुन्त्'. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: भूतकाळातही कर्तरी प्रयोग.

आणखी एक फरक. 'पोर्तत्' म्हणजे नेतो, नेते आणि नेतं. क्रियापदात लिंग नसतं, त्यामुळे वाक्यात कर्ता लिहिलेला नसेल तर तो की ती हे मागच्या वाक्यावरून ठरवायचं.

'हो' आणि 'आणि' यांना लॅटिनमध्ये काय म्हणतात?

'हो'ला ठरलेला असा एक शब्द नाही. क्रियापद परत म्हणायचं. 'एस्त्ने दोमिनुस् दोमी?' म्हणजे 'मालक घरी आहेत का?' उत्तर: 'एस्त्.' आहेत. आपल्याकडेही 'जेवलास का?' या प्रश्नाला 'जेवलो' हेच उत्तर येतं. प्रश्नातला 'ने' शब्दाच्या शेपटीला चिकटतो आणि आपल्या 'का'चं काम करतो.

वरच्या वाक्यात मी 'आहेत' लिहिलं, पण लॅटिनमध्ये आदरार्थी अनेकवचन नव्हतं. गुलाम मालकालाही 'तू'च म्हणे. भाषांतर करताना मात्र मी 'तुम्ही' वापरते, कारण मराठीत मालकाला 'तू' म्हणणारा दास वेगळ्याच स्वभावाचा वाटेल.

'आणि'साठी 'एत्' आहे. शिवाय 'क्वे' आहे, तो दुसऱ्या शब्दाला मागून जोडतात: 'पतेर् मातेर्क्वे'. संस्कृतात 'पिता माता च'. हा 'क्वे' आणि तो 'च' मुळात एकच.

उच्चार कुठला धरावा?

रोमन वक्ता सिसेरो याच्या काळचा उच्चार आणि चर्चमधला उच्चार असे दोन प्रवाह आहेत. पहिल्यात 'क' नेहमी 'क' राहतो, म्हणून सिसेरो स्वतःला 'किकेरो' म्हणत असणार. दुसऱ्यात 'ए' आणि 'इ'च्या आधी त्याचा 'च' होतो. 1960 च्या दशकापर्यंत कॅथलिक चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये होई, तेव्हा वसईतल्या किंवा गोव्यातल्या वयस्कर माणसांनी ऐकलेला उच्चार हा दुसरा. कुठलाही चालतो, फक्त सरमिसळ नको. प्राचीन घराबद्दल वाचायचं असेल तर मी पहिला सुचवते.

ऱ्हस्व-दीर्घ मात्र पाळाच. 'मलुम्' म्हणजे वाईट गोष्ट, 'मालुम्' म्हणजे सफरचंद. 'लिबेर्' म्हणजे पुस्तक, 'लीबेर्' म्हणजे स्वतंत्र. रोमन लिपीत यासाठी अक्षरावर वेगळी आडवी रेघ द्यावी लागते आणि अनेक पुस्तकं ती देतच नाहीत. नवा शब्द देवनागरीत लिहून ठेवलात तर 'अ-आ' आणि 'इ-ई' तरी हातातून निसटत नाहीत.

रोमन घर आतून कसं होतं?

इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन गावातल्या एखाद्या सधन घरात शिरू या. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि राख-दगडांखाली हे गाव जसंच्या तसं गाडलं गेलं, त्यामुळे आज उंबरठ्यापासून चुलीपर्यंत सगळं पाहता येतं.

रस्त्याच्या बाजूला खिडक्या थोड्या आणि लहान. दाराच्या (इआनुआ) दोन्ही अंगांना बहुधा दुकानं. एका घराच्या प्रवेशातच जमिनीवर साखळीला बांधलेला काळा कुत्रा मोझेकमध्ये काढला आहे आणि खाली शब्द आहेत: 'कवे कनेम्', कुत्र्यापासून सांभाळ. दुसऱ्या एका घरात फरशीवर 'सल्वे लुक्रुम्' लिहिलंय, म्हणजे 'नफ्या, तुझं स्वागत असो'. दोन शब्दांत आज्ञार्थही येतो आणि घरधन्याचं मनही कळतं.

बोळातून आत गेलं की 'आत्रिउम्'. वाड्याचा चौक पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. छपराला मध्ये चौकोनी मोकळी जागा, ती 'कोम्प्लुविउम्'. तिथून पडणारं पावसाचं पाणी खालच्या उथळ हौदात, 'इम्प्लुविउम्'मध्ये, आणि तिथून जमिनीखालच्या टाकीत. दोन्ही शब्दांच्या मुळाशी पाऊस पडण्याचं क्रियापद आहे. उजेडही याच वाटेने येई. सकाळी यजमानाचे आश्रित, 'क्लिएन्तेस्', मुजऱ्याला याच चौकात थांबत. समोर यजमानाची बैठक, 'तब्लीनुम्'. भोवती झोपायच्या लहान खोल्या, 'कुबिकुलुम्'. मागे खांबांच्या ओसरीने वेढलेली बाग.

स्वयंपाकघर, 'कुलीना', बहुतेक घरांत लहान, अंधारं आणि धुराचं. शौचकूप कित्येकदा त्याला लागूनच. तिथे राबणारी माणसं मालकाच्या पाहुण्यांना दिसावीत अशी अपेक्षाच नव्हती.

घरातले देव 'लरारिउम्'मध्ये, म्हणजे देवघरात. वेत्ती बंधूंच्या घरातलं चित्र प्रसिद्ध आहे: मध्ये टोगा पांघरलेला घराचा 'गेनिउस्' (रक्षक आत्मा), दोन्ही बाजूंना नाचरे 'लरेस्' (घरदेव) आणि खाली सरपटत येणारा साप. तो साप घराची राखण करणारा.

हे झालं पैसेवाल्यांचं. पॉम्पेईतलं सर्वांत मोठं घर सुमारे 3000 चौरस मीटरचं आहे, आणि त्याच गावात दुकानाच्या माळ्यावर एका खोलीत संसार करणारी कुटुंबंही होती. त्यांच्याकडे कुलीना नसेच. ती रस्त्यावरच्या खाणावळीतून गरम अन्न घेत.

'सेर्वुस्'चं भाषांतर 'नोकर' केलं तर चालेल?

नाही. याबाबत मी आग्रही आहे. नोकर पगार घेतो आणि नोकरी सोडू शकतो. 'सेर्वुस्' म्हणजे गुलाम, विकत घेतलेला माणूस, कायद्याच्या लेखी मालमत्ता. 'अंकिल्ला' म्हणजे दासी, त्याच अर्थाने. अनेक पाठ्यपुस्तकांत हे लोक हसतमुखाने ताटं वाढताना दिसतात आणि शिकणाऱ्याला वाटतं, घरगडी असतील.

रोमन 'फमिलिआ' या शब्दात बायको-मुलांबरोबर गुलामही मोडत. सगळ्यांवर सत्ता एकाची, 'पतेर् फमिलिआस्' याची. (या जोडीतलं 'फमिलिआस्' हे षष्ठीचं फार जुनं रूप आहे. एरवी 'फमिलिआय' होतं.)

रोमच्या एका संग्रहालयात साम्राज्याच्या उत्तरकाळातला गुलामाच्या गळ्यातला लोखंडी पट्टा आहे. त्याला लटकवलेल्या बिल्ल्यावर असं कोरलंय:

फूगी, तेने मे. कुम् रेवोकावेरिस् मे दोमिनो मेओ झोनीनो, अक्किपिस् सोलिदुम्.

'मी पळालोय, मला धर. मला माझ्या मालकाकडे, झोनिनसकडे परत नेलंस की तुला एक सोलिदुस् मिळेल.' सोलिदुस् म्हणजे सोन्याचं नाणं.

पहिल्या वर्षाचं निम्मं व्याकरण इथे आहे. 'फूगी' हा पूर्ण भूतकाळ, प्रथमपुरुषी एकवचन. वर्तमानकाळी 'फुगिओ'मधला 'उ' ऱ्हस्व, भूतकाळात तो दीर्घ झाला. 'तेने' आज्ञार्थ, 'मे' द्वितीया, 'दोमिनो मेओ' चतुर्थी, 'सोलिदुम्' पुन्हा द्वितीया. आता 'फूगी'तला 'मी' कोण ते बघा. वाक्य मालकाने कोरून घेतलं, पण बोलायला लावलं ते गुलामाला, स्वतःच्याच विरुद्ध, आणि तेही तो पळण्याच्या आधीच. हे वाक्य शिकवल्यावर माझ्या वर्गात 'सेर्वुस्'ला कुणी नोकर म्हटलेलं नाही.

काहींना मुक्ती मिळे. असा मुक्त झालेला माणूस म्हणजे 'लीबेर्तुस्'. पण जुन्या मालकाशी त्याचं बांधलेपण उरेच.

नात्यांचे शब्द लक्षात राहत नाहीत.

इंग्रजीतून शिकलात तर राहणार नाहीत, कारण इंग्रजीत अंकल आणि आंटी यांत सगळे कोंबले जातात. मराठीतून या. 'पत्रुउस्' म्हणजे काका, 'अवुन्कुलुस्' म्हणजे मामा, 'अमिता' म्हणजे आत्या, 'मातेर्तेरा' म्हणजे मावशी. चार नाती, चार शब्द, दोन्ही भाषांत. 'मातेर्तेरा' आईच्या शब्दापासून, मावशीही 'मातृष्वसा'पासून. इंग्रजी अंकल हा अवुन्कुलुस्चा वंशज आहे, म्हणजे मुळात तो मामाच.

सासरची माणसं तर आणखी जवळची. 'सोकेर्' आणि 'सोक्रुस्' म्हणजे सासरा आणि सासू, संस्कृतातले श्वशुर आणि श्वश्रू. 'नुरुस्' म्हणजे सून: संस्कृतात 'स्नुषा', त्यातून आपली 'सून'. लॅटिनने सुरुवातीचा 'स' सोडला, आपण शेवटचा 'षा'. 'लेविर्' म्हणजे दीर, संस्कृत 'देवृ'. जावई मात्र 'गेनेर्', तो सरळ पाठ करा.

जेवणात काय असे? आणि आडवं होऊन जेवत हे खरं का?

खरं, पण सधन घरांत, मोठ्या जेवणाला, म्हणजे 'केना'ला. 'त्रिक्लीनिउम्' म्हणजे तीन बाकांची खोली. एका बाकावर तिघं, डाव्या कोपरावर रेलून, एकूण नऊ जण. सकाळची न्याहारी 'इएन्ताकुलुम्' आणि दुपारचं 'प्रान्दिउम्' उभ्या उभ्या उरकत. अंड्याने सुरुवात आणि फळांनी शेवट, म्हणून 'अब् ओवो उस्क्वे अद् माला' असा वाक्प्रचारच झाला: अंड्यापासून सफरचंदांपर्यंत, म्हणजे अथपासून इतिपर्यंत.

पॉम्पेईतल्या एका यजमानाने जेवणघराच्या भिंतीवर पाहुण्यांसाठी नियमच रंगवून घेतले होते. पोऱ्याने पाय धुऊन पुसून द्यावेत. दुसऱ्याच्या बायकोकडे लाडिक नजरेने पाहू नये. भांडण टाळावं, नाहीतर आपल्या घरी जावं. पहिल्या नियमाच्या शेवटी आहे 'लिन्तेआ नोस्त्रा कवे', आमच्या चादरी सांभाळ. हा तोच दारावरचा 'कवे'. कुत्र्यापासून सांभाळ आणि चादर सांभाळ, मराठीतही एकच क्रियापद दोन्हीकडे चालून गेलं.

रोजचा आधार पाव, 'पानिस्'. एका भट्टीत उद्रेकाच्या दिवसाचे 81 पाव कोळसा होऊन राहिलेले सापडले. टोमॅटो, बटाटा, मिरची यांपैकी काही नव्हतं. तिखटासाठी 'पिपेर्', म्हणजे मिरी. हा शब्द ग्रीकमार्गे आपल्या 'पिप्पली'वरून गेला. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने भाव लिहून ठेवलेत: एक पौंड पिंपळी 15 देनारिउस् (चांदीची नाणी), पांढरी मिरी 7, काळी 4. सोन्याचांदीसारखी वजनावर विकत घेतात, अशी त्याची तक्रार होती.

पॉम्पेईत लक्ष्मी सापडली म्हणतात, ते खरं का?

1938 मध्ये एका घरात सुमारे 25 सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. भारतीय घडणीची, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. लक्ष्मी म्हणून ती प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात, आणि मला तेच अधिक पटतं. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती मराठवाड्यात, तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

शब्दकोशात एका क्रियापदापुढे चार रूपं का असतात?

'पोर्तो, पोर्तारे, पोर्तावी, पोर्तातुम्': मी नेतो, नेणं, मी नेलं, आणि ज्यातून 'नेलेला' तयार होतं ते रूप. चारही एकदमच पाठ करा. नंतर एकेक शोधत बसण्यात फार वेळ जातो. नामाची दोन रूपं देतात, प्रथमा आणि षष्ठी, कारण खरं अंग षष्ठीत दिसतं: 'नोमेन्, नोमिनिस्' (नाम, नामाचं).

संस्कृत यायला हवं का?

नको. येत असेल तर आनंद वाढेल एवढंच. सेप्तेम्, ओक्तो, नोवेम्, देकेम् म्हणजे सप्त, अष्ट, नव, दश. सप्टेंबर ते डिसेंबर याच आकड्यांवरून, कारण जुनं रोमन वर्ष मार्चपासून मोजत.

पहिलं खरं लॅटिन काय वाचू?

शिलालेख. छोटे असतात आणि माणसांनी माणसांसाठी लिहिलेले असतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोममध्ये क्लाउदिआ नावाच्या बाईच्या थडग्यावर काही ओळी कोरल्या होत्या. वाटसरूला थांबवून त्या सांगतात की तिने नवऱ्यावर मनापासून प्रेम केलं, दोन मुलगे झाले, त्यातला एक जमिनीच्या वर आहे आणि एक खाली. बोलणं गोड, चालणं नेटकं. आणि मग:

दोमुम् सेर्वावित्. लानम् फेकित्. दीक्सी. अबेइ.

'घर सांभाळलं. लोकर कातली. माझं सांगून झालं. जा आता.'

मराठीत 'तिने' यायला हवं, लॅटिनमध्ये 'ती' क्रियापदाच्या 'इत्'मध्येच आहे. 'दीक्सी'ला 'ई', म्हणजे आता बोलणारा दगड. 'अबेइ' हे जुनं वळण, पुढे ते 'अबी' असं लिहू लागले. कोशात शोधताना 'अबेओ'खाली बघा.